मढे घाटाने खाली, उपांड्याने वर

पुणेकरास डोंगर नवा नाही. पहाटे पर्वती, रविवारी सिंहगड आणि वर्षातून एखाद्या वेळी राजगड अथवा तोरणा, असा अनेक कुटुंबांचा परिपाठच आहे. परंतु बारकाईने पाहिले असता असे दिसते की, डोंगर म्हणजे चढून जाण्याची व चढून झाल्यावर त्याच वाटेने परत उतरण्याची वस्तू, अशी आपणा सर्वांची समजूत होऊन बसली आहे. डोंगर ही ओलांडण्याचीही वस्तू आहे. किंबहुना आपल्या पूर्वजांस तो प्रथम आडवा आला तो ओलांडण्यासाठीच, ही गोष्ट आपण जवळजवळ विसरलो आहोत. गडावर जाणारा मनुष्य गडाचा पाहुणा असतो. घाट उतरणारा मनुष्य एका मुलुखातून दुसऱ्या मुलुखात जात असतो. या दोहोंतील भेद नकाशावरून समजत नाही, तो पायांनाच समजतो. गेल्या माघात आम्ही एक संपूर्ण दिवस दोन घाटांत घालविला. त्या दिवसाची हकीकत, व तिच्या अनुषंगाने मनात आलेले चार विचार, वाचकांपुढे ठेवीत आहो.

आज पुण्यात ‘घाट’ असे म्हटले की खंबाटकी, ताम्हिणी नाहीतर बोरघाट, म्हणजे मोटारींचे रस्तेच डोळ्यांपुढे येतात. मूळ शब्द संस्कृत ‘घट्ट’. नदीचा घाट आणि डोंगराचा घाट ही दोन्ही त्याच एका शब्दाची अपत्ये असून दोहोंकडे अर्थ एकच, उतरण्याची जागा. पुराणांनी जे सात कुलपर्वत सांगितले त्यांत सह्य आहे, आणि कालिदासाचा रघू दिग्विजयात हाच सह्य ओलांडून अपरांतात उतरला. तो नेमका कोणत्या घाटाने उतरला असेल, हा प्रश्न आम्ही वर्गात विनोदाने पुष्कळदा घालीत असू. एका विद्यार्थ्याने ‘आगगाडीने’ असे उत्तर दिल्याचेही स्मरते. थट्टा राहो. सह्याद्रीच्या धारेवर उत्तरेपासून दक्षिणेपर्यंत अशा वाटांची नुसती जाळी विणलेली होती. जुन्नरजवळचा नाणेघाट तर सातवाहनांच्या काळचा. तेथील लेण्यात नागनिका राणीचा ब्राह्मी लेख आहे. त्यात यज्ञांची व दक्षिणांची लांबलचक यादी असून तीत आलेल्या अंकांमुळे गणिताच्या इतिहासातही त्या लेखाचे महत्त्व मानतात. घाटमाथ्यावर एक मोठा दगडी रांजण अद्याप उभा आहे. जकातीची नाणी त्यात पडत, असे सांगतात.

या सर्व वाटांचे नशीब फिरले ते एकोणिसाव्या शतकात. १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता झाला, १८६३ साली त्याच घाटाने आगगाडी वर आली, आणि बैलांच्या पाठीवरून मीठ व धान्य नेणारे तांडे हळूहळू दिसेनासे झाले. मोठ्या घाटाने लहान घाटांचे पाणी तोडले, असे म्हटले तरी चालेल. ज्या वाटांवर व्यापार थांबला त्यांवर आसपासच्या गावांची ये-जा तेवढी उरली. आता तीही थांबत चालली आहे. आमच्या सांगण्याचा मुख्य मुद्दा येथेच आहे, पण त्याकडे आम्ही वाटेने चालत चालतच येऊ.

वेल्ह्याच्या पुढे, तोरण्याच्या पाठीशी, अगदी घाटमाथ्यावर केळद नावाचे गाव आहे. तेथून कोकणात उतरणाऱ्या दोन वाटा जवळजवळ आहेत, मढे घाट व उपांड्या घाट. मढ्याने उतरले म्हणजे पायथ्याच्या रानवडीस जाता येते. उपांड्याची वाट अर्ध्या उंचीवर वसलेल्या कर्णवडी या गावाहून केळदास चढते. म्हणजे एका घाटाने उतरून, खालचा मुलूख पायांखाली घालून, दुसऱ्याने वर यावे आणि संध्याकाळी पुन्हा केळदास असावे, असा सुंदर फेरा जुळून येतो. उतार दीड-दोन हजार फुटांचा, आणि जेवढे उतरावे तेवढे अर्थातच चढावे लागते. चालणाराची गती बेताची असली तर सहा-सात तास, आमच्यासारख्याचा हिशेब धरला तर आठ.

हा बेत प्रथम जेवणाच्या पंगतीस निघाला आणि निघताक्षणीच त्यावर टीका सुरू झाली. “अहो, गुडघ्याला तेल लावल्याशिवाय जिना उतरत नाही तुम्ही, आणि घाट उतरणार?” हा आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न. धाकट्या बंधूंनी वृत्तपत्रांतील अपघातांची आठवण दिली. मातोश्रींनी, त्यांस आता नव्वद वर्षे होत आली, सर्वांचे बोलणे ऐकून घेतले व इतकेच विचारले की, “जेवायचं काय नेणार?” त्यांचा प्रश्न म्हणजेच संमती, हे घरात सर्वांस ठाऊक आहे. दशम्या ठरल्या. दुधात भिजविलेली दशमी प्रवासास पूर्वी सोवळ्याच्या कारणाने नेत. ती दिवसभर मऊ राहते, तहान वाढवीत नाही आणि पोटास जड होत नाही, हे तिचे खरे गुण डोंगरात कळतात. दशम्या, लसणाची चटणी, लिंबाचे जुने लोणचे, गूळ, शेंगदाणे आणि सहा संत्री, एवढी शिदोरी झाली. मंडळी चार. आम्ही, आमच्या शाळेतील एक जुने सहकारी, बंधूंची नात आणि तिची एक मैत्रीण. या दोघी अभियांत्रिकीच्या विद्यार्थिनी. डोंगरांचा त्यांचा सराव आमच्याहून अधिक, हे आम्ही प्रारंभीच नमूद करतो.

पहाटे चार वाजता मोटारीने निघालो. सिंहगडाच्या पायथ्याशी खानापुरावरून पाबे घाट ओलांडला तेव्हा तांबडे फुटत होते. वेल्ह्यास चहा घेतला. तोरण्याचा प्रचंड कडा गावावर ओणवा झालेला दिसतो. ४६०० फुटांच्या या गडाच्या सावलीत वेल्हेकरांस सूर्य उशिरा भेटतो की काय, असे आमच्या सहकाऱ्यांस वाटले. पुढे रस्ता अरुंद होत जातो, पासली जाते, वस्ती विरळ होते. केळदास पोहोचलो तेव्हा चुलींचा धूर घरांवर आडवा पसरला होता. वाटेची माहिती असलेले एक गृहस्थ आम्ही आधीच ठरविले होते. वय साठीच्या घरात, अंगाने शिडशिडीत, कमरेच्या आकड्यास कोयता. मूळचे कर्णवडीकडचे. मुलींनी त्यांस ‘मामा’ म्हणावयास सुरुवात केली व आम्हीही तेच नाव चालविले. ते आम्हांस ‘गुरुजी’ म्हणत. मनुष्य शिक्षक आहे हे खेड्यातील लोक दुरून कसे ओळखतात, हे कोडे आम्हांस आजवर उलगडलेले नाही.

गावापासून घाटमाथा जवळच आहे. माळावरून चालत असता पुढे जमीन आहे असे वाटत असते, आणि एकाएकी ती संपते. खाली कोकण. सकाळच्या त्या वेळी दरीत धुके भरले होते व त्यातून डोंगरांच्या सोंडा बेटांसारख्या वर आल्या होत्या. वारा खालून वर येत होता. मामांनी वायव्येकडे हात करून रायगड दाखविला. त्या दिशेस एक निळसर, सपाट माथ्याची आकृती दिसत होती, आणि ती पाहून आमचे सहकारी, जे एरवी फार बोलतात, ते बराच वेळ काही बोलले नाहीत. कड्याच्या एका बाजूस पडलेला पावसाचा थेंब नीरा, भीमा, कृष्णा असा प्रवास करीत पूर्वसमुद्रास मिळावयाचा. चार पावले पलीकडे पडलेला सावित्रीबरोबर बाणकोटच्या खाडीस जावयाचा. ही गोष्ट भूगोलाच्या तासाला आम्ही तीस वर्षे शिकविली. त्या चार पावलांवर उभे राहण्याचा योग मात्र निवृत्तीनंतर आला.

या काठावरून पावसाळ्यात लक्ष्मी नावाचा धबधबा कोसळतो. माघात तेथे काळा, ओलसर खडक तेवढा होता. खडकापाशी पावसाळी मंडळींनी टाकलेल्या बाटल्या व चकचकीत पिशव्या वाऱ्याने एका खळग्यात जमविल्या होत्या. त्याविषयी अधिक लिहून शाई खर्च करीत नाही.

‘मढे’ या नावाची कथा सर्वश्रुत आहे. माघ वद्य नवमीस, म्हणजे ४ फेब्रुवारी १६७० रोजी, सिंहगडावर तानाजी मालुसरे पडले. त्यांचा देह पोलादपुराजवळील उमरठ या गावी नेला, तो याच घाटाने उतरविला, म्हणून हा मढे घाट, असे या भागात सांगतात. नावांच्या अशा व्युत्पत्ती लोक मागाहूनही बसवितात, हा अनुभव असल्यामुळे आम्ही त्या बाबतीत सावध असतो. ‘मढ’ या शब्दाची गावे महाराष्ट्रात इतरत्रही आहेत, आणि तेथे कोणाचा देह नेल्याची कथा नाही. तथापि नकाशा मांडून पाहता सिंहगड, वेल्हे, केळद आणि खाली उतरून पोलादपूर, ही रेघ अगदी स्वाभाविक येते. सिंहगडाहून उमरठास जावयाचे तर याहून सरळ वाट शोधणे कठीण. तेव्हा कथेस लेखी पुरावा असो वा नसो, भूगोल तिच्या विरुद्ध नाही. मुलींस हा युक्तिवाद पुरेसा वाटला नाही. त्या म्हणाल्या, “आजोबा, पुरावा नसेल तर नाही म्हणा ना सरळ.” शिकविलेले विद्यार्थी असे बोलू लागले म्हणजे शिक्षकास संतोषही होतो आणि थोडा रागही येतो.

उतार सुरू झाला. जुन्या घाटवाटांचे दोन प्रकार असतात. एक नाळेची वाट, म्हणजे दोन सोंडांमधल्या घळीतून धोंड्यांवरून जवळजवळ सरळ खाली जाणारी, ती माणसाची. दुसरी वळणे घेत, अंतर वाढवीत पण चढ कमी करीत जाणारी. ती लादलेल्या बैलाची. पाठीवर गोणी असलेला बैल तीव्र उतार उतरू शकत नाही, म्हणून ज्या वाटेने माल जात असे तिच्यावर वळणे अधिक. मढे घाटाची आखणी या दुसऱ्या प्रकारची आहे. कोणा अज्ञात माणसाने कोणतेही यंत्र हाती नसता, डोळ्याने व पायाने मापून, कोठे वळावे व कोठे ओढा ओलांडावा हे ठरविले, आणि शेकडो वर्षांत कोणास ते बदलावेसे वाटले नाही! सरकारी मोटाररस्त्यांची वळणे दर दहा वर्षांनी बदलताना आपण पाहतो, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

झाडीत शिरल्यावर वारा थांबला. अंजनी, जांभूळ, हिरडा यांची दाट सावली, खाली वाळलेल्या पानांचा थर, आणि दोन्ही बाजूंस कारवी. कारवीस सात-आठ वर्षांनी एकदाच फुले येतात. ती येतात त्या वर्षी डोंगर जांभळा होतो. इतर वर्षी ती नुसती उंच काठ्यांची दाटी असते व वाटेवर आक्रमण करण्याची तिची चिकाटी विलक्षण असते. मामा पुढे चालत कोयत्याने आडव्या काठ्या छाटीत होते. आमचा पाय एकदा पानांवरून सरकला तेव्हा ते मागे न पाहताच म्हणाले, “गुरुजी, पाय आडवा टाका. सरळ टाकला का गेला.” पानांचा आवाज ऐकूनच त्यांस ते कळले होते. या उतारावर शांतता अशी की, दूर कोठे सुतारपक्षी झाडावर चोच मारीत होता तो आवाज सर्व दरीत एकटाच फिरत होता. तासाभरात आम्हांस एकही मनुष्य भेटला नाही.

सह्याद्री पायऱ्यापायऱ्यांचा का, हे असा घाट उतरताना समजते. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी जमिनीस पडलेल्या भेगांतून तप्त रस एकामागून एक थरांनी पसरत गेला व थिजून त्याचा काळा दगड झाला. कठीण थराचे कडे झाले, मऊ थर झिजून त्यांचे उतार व सपाटीचे पट्टे झाले. कड्याखाली सपाटी, सपाटीखाली पुन्हा कडा. त्या सपाटीवर माती साचते, मातीत पाणी मुरते, आणि पाणी जेथे झिरपून बाहेर येते तेथे माणूस घर बांधतो. कर्णवडीसारखी गावे अर्ध्या डोंगरात का वसली, याचे उत्तर असे त्या दगडातच आहे.

रानवडीच्या बाजूस उतरलो तेव्हा हवा बदललेली होती. वर अंगावर शाल होती, येथे घामाने सदरा भिजला. आंब्याला मोहोर आलेला, भातखाचरे कापून रिकामी, आणि घरांची छपरे कोकणी वळणाची. सकाळी देशावर न्याहारी केली आणि दुपारच्या आत कोकणात घाम पुसला, आणि हे पायांनी! पुण्याहून महाडास मोटारीने अनेकदा गेलो, परंतु असा पालट कधी अंगाला जाणवला नव्हता. ओढ्याकाठी शिदोरी सोडली. दशम्यांची वाखाणणी झाली. मामांनी आपली नाचणीची भाकरी व सुक्या मिरचीचा ठेचा काढला. मुलींनी त्यांच्याशी अर्धीअर्धी वाटणी केली, आणि आमच्या सहकाऱ्यांनी ठेचा एकदाच घेतला.

येथून कर्णवडीस चढताना ऊन डोक्यावर होते. दिवसातील कठीण भाग हाच. आम्ही दर शंभर पावलांनी थांबत होतो. मुली पुढे जात व सावली शोधून आमची वाट पाहत. “आजोबा, घाई नाही,” असे त्या दर वेळी म्हणत. एके काळी पर्वतीच्या पायऱ्यांवर हेच वाक्य आम्ही त्या लहान असताना म्हणत असू.

गावात पोहोचताच एका आजीबाईंनी न विचारता पाण्याचा तांब्या व गुळाचा खडा पुढे केला. पुष्कळ घरांना कुलपे होती. माणसे मुंबईस, पुण्यास, कोणी महाडाकडच्या कारखान्यांत. गणपतीस व होळीस घरे उघडतात. ओसरीवर बसलो असता मामा आणि त्या आजीबाई आळीपाळीने सांगू लागल्या. पूर्वी वर जाताना डोक्यावर तांदूळ, मीठ, सुकट. खाली येताना कांदे, मिरची, कापड. वेल्ह्याचा बाजार करावयाचा तर काळोखात निघावे व काळोखात परतावे. “आमची आय ह्याच वाटेनं जायची. मी पोटात असताना बी गेली,” असे मामा म्हणाले. बाई बाळंतपणास अडली तर डोली बांधून चौघांनी तिला घाटाने न्यावयाचे. दोन गडी पुढे मशाल घेऊन. एकदा अर्ध्या घाटातच मूल झाले. ते मूल आता कोठे आहे असे मुलींनी विचारता आजीबाई हसून म्हणाल्या, “ठाण्याला. रिक्षा चालवतो.”

या बाजूने मोटाररस्ता व्हावा, ही या मुलुखाची जुनी मागणी आहे. शहरातून दिवसभरासाठी आलेला मनुष्य या शांततेवर मोहित होतो व रस्ता होऊ नये असे सहज म्हणून जातो. आम्हांस तसे म्हणवत नाही. ज्यांच्या बायका डोलीतून गेल्या त्यांना डोलीचे काव्य ऐकविण्याचा अधिकार आपणांस कोणी दिला? रस्ता व्हावा. प्रश्न एवढाच आहे की, रस्ता झाला म्हणजे वाट मेलीच पाहिजे काय?

या प्रश्नाचे एक उत्तर स्वित्झर्लंड देशात मिळते. आल्प्स पर्वताशी सह्याद्रीची उंचीत तुलना करणे हास्यास्पद होईल. तेथील ग्रेट सेंट बर्नार्ड ही खिंडच आठ हजार फुटांहून उंच आहे. पण खिंडींवर जगलेला लोकसमाज म्हणून तो देश आपल्या मावळ्यांचा सोयरा शोभेल. तेथेही बोगदे व मोटाररस्ते झाले, आणि जुन्या वाटा ओस पडू लागल्या. तेव्हा १९७९ साली लोकांनी मतदान करून पायवाटांचे रक्षण हा विषय राज्यघटनेत घातला आणि १९८५ साली त्याचा कायदा झाला. त्यात एक तरतूद आम्हांस फार शहाणपणाची वाटते. एखादी नोंदलेली पायवाट रस्त्याखाली वा बांधकामाखाली गेली, तर तिच्या बदली दुसरी योग्य वाट करून देण्याचा विचार झालाच पाहिजे. वाटेस वाट! आज त्या देशात पिवळ्या पाट्या लावलेल्या पायवाटांची लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर आहे, आणि त्यांवरून म्हातारीकोतारी माणसेही निर्धास्त चालतात.

आपल्याकडे काय आहे? २०१२ साली पश्चिम घाटाचे काही भाग जागतिक वारशाच्या यादीत गेले. २०२५ साली राजगड, रायगड, प्रतापगड आदी बारा किल्ले मराठ्यांची लष्करी भूमी म्हणून त्याच यादीत आले. सर्व महाराष्ट्राने पेढे वाटले आणि ते योग्यच झाले. परंतु राजगडाहून रायगडास माणूस जात असे तो आकाशमार्गाने नव्हे. महाराजांनी राजधानी एका गडावरून दुसऱ्यावर नेली तेव्हा कागद, शस्त्रे, धान्य, माणसे ही सर्व अशाच घाटांनी उतरली असणार. गड मोजले, तोफा मोजल्या, दरवाजे मोजले; त्यांना जोडणाऱ्या वाटा मोजावयाच्या राहिल्या. आनंद पाळंदे यांच्यासारख्या डोंगरयात्रींनी स्वतः पायपीट करून पुष्कळ माहिती ग्रंथांत नोंदविली, हा त्यांचा मोठा उपकार. पण ग्रंथातली वाट कारवी छाटीत नाही.

उपांड्याची चढण आम्ही साडेतीन वाजता सुरू केली. ही वाट मढ्याहून अरुंद व अधिक उभी. दोन ठिकाणी पावसाने दरड येऊन ती पुसली गेली होती, आणि मामा तेथे थांबून, वर पाहून, मग पाऊल टाकीत. पुतणीची ही मुलगी भ्रमणध्वनीवर उपग्रहांच्या साहाय्याने वाटेची रेघ उमटवीत होती. ती तिने दुसऱ्या दरडीपाशी मामांस दाखविली. त्यांनी ती कौतुकाने पाहिली आणि म्हणाले, “हितं ह्यात वाट खालनं दावतीया. ती औंदा न्हाई ऱ्हायली. वरनं जायचं.” ती रेघ कोणी दोन वर्षांपूर्वी उमटविली होती, तिच्यानंतर डोंगर हलला होता. मुलीने मग एक वही काढली, आणि पुढचा सर्व चढ ती प्रश्न विचारीत व लिहीत चालली. ओझी टेकावयाची जागा कोणती, उन्हाळ्यात पाणी कोठे उरते, कोणत्या कड्याला आग्यामोहोळ असते, कोणता ओढा पाऊस थांबल्यावर किती वेळाने ओलांडता येतो. मामा बोलता बोलता एकदा थांबून म्हणाले, “हे मला कुणी इचारलंच न्हाई आजवर.” त्यांचा मुलगा चाकणला कंपनीत आहे, त्याला या वाटेने येऊन दहा वर्षे झाली. “मी दोन पावसाळं आलो न्हाई तर ही वाट गेली म्हणून समजा.” हे त्यांनी तक्रारीच्या स्वरात सांगितले नाही.

आम्हांस या वाक्याचा जेवढा धक्का बसला तेवढा चढणीचाही बसला नव्हता. नाणेघाट दगडात खोदला आहे, तो राहील. मढे घाट, उपांड्या, पलीकडे शिवथरच्या अंगास उतरणारा गोप्या, अशा वाटा कशात खोदलेल्या आहेत? चालणाऱ्यांच्या पायांत व सांगणाऱ्यांच्या जिभेवर. शंकर श्रीकृष्ण देवांनी १९३० साली शिवथरची घळ शोधून काढली, तेव्हा समर्थांच्या त्या स्थानाचा जगास जवळजवळ विसर पडला होता. घळ निदान एके ठिकाणी स्थिर बसून शोधकाची वाट पाहू शकते.

सूर्य कलता असता केळदच्या माळावर आलो. आमचे सहकारी गवतावर आडवे झाले व पंधरा मिनिटे त्यांनी कोणाशी संबंध ठेवला नाही.

जाऊ इच्छिणाऱ्या कुटुंबांसाठी थोडे लिहितो. काळ कार्तिकापासून फाल्गुनाच्या प्रारंभापर्यंतचा. पावसाळ्यात हे घाट उतरू नयेत, हा आमचा सल्ला नसून आग्रह आहे. याच महाड तालुक्यातील तळिये गावावर २२ जुलै २०२१ रोजी दरड कोसळून ८०हून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. तेथे पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्यांस डोंगराने सूचना दिली नाही, तर रविवारच्या पाहुण्यास तो काय देणार? प्रत्येकी तीन-चार शेर पाणी न्यावे, पायांत तळ खरखरीत असलेले बूट असावेत, आणि अंगास अत्तर वा सुवासिक तेल लावून जाऊ नये. आग्यामोहोळाच्या माश्यांस त्याचा राग येतो. धूर तर मुळीच करू नये. वाट्याड्या गावातीलच घ्यावा, आणि त्याची मजुरी ठरविताना आपण शहरात सुताराला वा विजेच्या कारागिराला एका दिवसाचे काय देतो, याचे स्मरण ठेवावे. त्याचे ज्ञान त्याहून दुर्मिळ आहे. गुडघे दुखणाऱ्यांनी काठी न्यावी; आम्ही नेली होती, आणि सौभाग्यवतींच्या सांगण्यावरून तेलही नेले होते.

ज्यांस आणखी काही करण्याची इच्छा असेल त्यांच्यासाठी एक बेत ठरला आहे. नवरात्र संपल्यानंतरच्या पहिल्या रविवारी मुली, त्यांचे महाविद्यालयातील सोबती आणि मामा उपांड्याची वाट मोकळी करावयास जाणार आहेत. वाटेत आडव्या आलेल्या काठ्या तेवढ्या छाटावयाच्या, झाडास हात लावावयाचा नाही, आणि वनखात्याच्या माणसास आधी कळवावयाचे, असे ठरले आहे. त्या वेळी कारवी ओली असते, लवकर कापली जाते. कोयते केळदास मिळतील. हातमोजे घरून न्यावेत. दशम्यांची जबाबदारी आमच्या मातोश्रींनी स्वतःहून पत्करली असून माणसांचा आकडा आठ दिवस आधी कळवावा, असा त्यांचा निरोप आहे.